आधी कारण, मग पाना

पेट्रोल गाडी सिग्नलला उभी असताना इंजिन थरथरतं, आयडलिंग वरखाली होतं, सकाळी थंड इंजिनाला मिसिंग जाणवतं आणि मोकळ्या रस्त्यावर वेग घेतला की सगळं सुरळीत होतं. चेक इंजिनचा दिवा लागलेला असतो. स्कॅनर लावला तर मिश्रणात हवा जास्त आणि पेट्रोल कमी असल्याचा पी०१७१ हा कोड मिळतो. बॉनेट उघडून पाना लावून पाहिला की इनटेक मॅनिफोल्डचे एक-दोन बोल्ट सैल निघतात. थ्रॉटलमधून आलेली हवा प्रत्येक सिलेंडरपर्यंत वाटून देणारा हा नळ्यांचा संच सिलेंडर हेडला बोल्टांनी किंवा स्टडांनी जखडलेला असतो आणि दोहोंच्या मध्ये पॅकिंग असतं. बिघाड इतका साधा दिसतो की उपायही तितकाच साधा सुचतो: बोल्ट आवळा आणि गाडी द्या. माझं म्हणणं असं आहे की आवळणं ही या दुरुस्तीची शेवटची पायरी आहे. तीच पहिली केली की बिघाड काही दिवस झाकला जातो आणि पुन्हा वर येतो.

या म्हणण्याला भक्कम विरोध आहे आणि तो अज्ञानातून आलेला नाही. वर्षानुवर्षं इंजिनं उघडून-जोडून ज्यांचे हात तयार झाले, त्यांच्या अनुभवातून तो आलेला आहे. म्हणून दोन्ही विचार समोरासमोर बसवतो. एका बाजूला गॅरेज चालवणारे मिस्त्री, दुसऱ्या बाजूला आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवणारे निदेशक. ही दोन विशिष्ट माणसं नाहीत. महाराष्ट्रातल्या कोणत्याही गॅरेजमध्ये आणि आयटीआयच्या कार्यशाळेत ऐकू येणाऱ्या दोन भूमिका आहेत. माझा कल निदेशकांकडे आहे, पण मिस्त्रींच्या काही मुद्द्यांपुढे निदेशकांनाही आपलं म्हणणं सुधारावं लागतं, आणि या वादातून खरा लाभ होतो तो तिथेच.

मिस्त्री: सर, सैल झालेला बोल्ट आवळायचा, यात चुकतं कुठे? इंजिन तापतं, थंड होतं, हादरतं. पॅकिंग दबून बसतं, म्हणून बोल्ट ढिला पडतो. हे आम्हाला पुस्तकाने शिकवलेलं नाही. जुन्या अँबॅसॅडरच्या इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट हे दोन्ही मॅनिफोल्ड हेडच्या एकाच बाजूला असायचे. काही स्टड दोघांना सामायिक, आणि एकच मोठा वॉशर दोन्ही फ्लँज दाबून धरायचा. एक बाजू गार, दुसरी भाजणारी. पॅकिंग नवीन घातलं की गाडी तापवायची, थंड करायची आणि पुन्हा एकदा नट आवळायचे, हा आमच्या कामाचा भागच होता. त्या काळी नव्या गाडीच्या पहिल्या सर्व्हिसलाही हेडचे आणि मॅनिफोल्डचे नट तपासून आवळले जायचे. म्हणजे पुन्हा आवळणं ही आळशी माणसाची पळवाट नव्हती, ती कंपन्यांनी मान्य केलेली पद्धत होती. आज तुम्ही सांगता की नुसतं आवळू नका. मग इतकी वर्षं ज्या पद्धतीने गाड्या चालल्या, ती चुकीची होती का?

निदेशक: चुकीची नव्हती मिस्त्री. त्या पॅकिंगसाठी ती बरोबर होती. तंतूंचं, दाबलं की बसणारं पॅकिंग पहिल्या काही तापण्या-थंडावण्यात आपली जाडी गमावतं, म्हणून त्याला दुसऱ्यांदा आवळावं लागायचं. पण आजच्या बहुतेक छोट्या पेट्रोल गाड्यांचा इनटेक मॅनिफोल्ड काचतंतू मिसळलेल्या नायलॉनचा असतो. त्याच्या फ्लँजला खाच असते आणि खाचेत रबरी सील बसतं. बोल्टच्या भोकात धातूची बुशी घातलेली असते. बोल्टचं डोकं त्या बुशीवर टेकतं आणि बुशी हेडवर टेकते. रबर किती दाबलं जावं, हे बुशीची लांबी ठरवते. तुमच्या हाताचा जोर ते ठरवतच नाही. बुशी टेकल्यानंतर कितीही जोर लावला तरी सील एक कणभरही जास्त दाबलं जात नाही. जास्तीचा जोर जातो तो हेडच्या अॅल्युमिनियमच्या आट्यांवर. म्हणजे अशा इंजिनात बोल्ट सैल सापडला, तर ‘पॅकिंग बसलं असेल’ हे जुनं उत्तर बहुधा लागू होत नाही. कारण दुसरंच असतं, आणि पाना फिरवला की ते शोधायची संधी आपण स्वतःच घालवतो.

मिस्त्री: कारण शोधायला माझी ना नाही. पण एका सैल बोल्टाचा तुम्ही एवढा बाऊ का करता? केसाएवढी फट असते. तेवढ्या हवेने इंजिनाला काय होणार?

निदेशक: इथेच हिशेब मांडून पाहावा लागतो. आयडलिंगला थ्रॉटल जवळजवळ बंद असतो आणि पिस्टन हवा ओढत असतात. त्यामुळे मॅनिफोल्डच्या आतला दाब बाहेरच्या दाबाच्या एक तृतीयांशाच्या आसपास उतरतो. सव्वा लिटरचं इंजिन अशा वेळी सेकंदाला साधारण २ ग्रॅम हवा घेतं. आता मॅनिफोल्ड आणि हेड यांच्यात ०.१ मिलिमीटरची, म्हणजे वहीच्या एका कागदाच्या जाडीची फट ३० मिलिमीटर लांबीवर पडली असं धरा. ते ३ चौरस मिलिमीटरचं छिद्र झालं. फटीतलं घर्षण जमेस धरूनही त्यातून सेकंदाला ०.३ ते ०.५ ग्रॅम हवा आत ओढली जाऊ शकते. म्हणजे इंजिन घेत असलेल्या हवेचा सहावा ते चौथा हिस्सा. पेट्रोल नीट जळायला एक भाग पेट्रोलला वजनाने १४.७ भाग हवा लागते. तिथे चोरवाटेने इतकी हवा आली तर मिश्रण बिघडणारच. इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, जास्तीचं पेट्रोल देऊन भरपाई करतो, पण त्यालाही मर्यादा असते. भरपाई साधारण २० ते २५ टक्क्यांपर्यंत गेली की तो दिवा लावतो. महामार्गावर हेच इंजिन सेकंदाला १० ते १५ ग्रॅम हवा घेतं, आतला दाबही वाढलेला असतो, त्यामुळे तीच फट दोन-तीन टक्क्यांची किरकोळ बाब ठरते. म्हणून गाडी सिग्नलला रडते आणि हायवेला पळते. स्कॅनरवर या भरपाईचा, म्हणजे फ्यूल ट्रिमचा आकडा आयडलिंगला मोठा आणि अडीच हजार आरपीएमला लहान दिसला, तर हवा थ्रॉटलच्या पुढे कुठून तरी शिरतेय असा दाट संशय घ्यायचा तो याच कारणाने.

मिस्त्री: आमच्याकडे बऱ्याच छोट्या गाड्यांत हवा मोजणारा मीटर नसतोच, नुसता मॅनिफोल्डचा दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो. तिथे तो पी०१७१ कोडही बहुधा येत नाही. आयडलिंग चढतं आणि गिऱ्हाईक म्हणतं रेस कमी करा. व्हॅक्यूम गेज लावून आम्ही ओळखतो. समुद्रकाठी चांगलं इंजिन १८ ते २० इंच दाखवतं. महाबळेश्वरला तेच इंजिन चार-साडेचार इंच कमी दाखवतं, कारण हजार फुटांमागे साधारण एक इंच उतरतो. नवशिका पोरगा तो आकडा बघून मॅनिफोल्ड उघडायला बसतो. मला हे सांगायचंय सर, की यंत्र आकडा देतं, त्याचा अर्थ माणूस लावतो.

निदेशक: हा मुद्दा पूर्ण मान्य. मॅप सेन्सरच्या गाडीत चोरून आलेल्या हवेने मॅनिफोल्डचा दाब वाढतो, ईसीयूला वाटतं इंजिनावर भार आला, तो त्या हिशेबाने पेट्रोल देतो आणि आयडलिंग वाढतं. कोड आलाच तर पी०५०७, म्हणजे अपेक्षेपेक्षा जास्त आयडलिंगचा येतो. एक गोष्ट मात्र दोन्ही प्रकारच्या गाड्यांत सारखी. इंजेक्टर सगळ्या सिलेंडरांना सारखं पेट्रोल देतात, पण सैल बोल्टाजवळची हवा मुख्यतः त्याच बाजूच्या सिलेंडरला मिळते. म्हणून बाकीचे सिलेंडर ठीक आणि एकच मिसफायर करतोय, असं चित्र दिसतं. प्लग बदलतात, कॉइल बदलतात, इंजेक्टर साफ करतात, आणि मूळ दोष मॅनिफोल्डच्या टोकाच्या एका बोल्टात असतो. न जळलेलं पेट्रोल पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि त्याला जाळतं. पीयूसी तपासणीत एचसीचा, म्हणजे न जळलेल्या इंधनाचा, आकडा वाढतो. फट मोठी असेल तर ब्रेक बूस्टरला मिळणारा व्हॅक्यूम कमी होऊन ब्रेकचं पेडल जड लागू शकतं. केसाएवढ्या फटीचा बाऊ करावा लागतो तो एवढ्यासाठी. डिझेलच्या टर्बो इंजिनात तर उलटं होतं. हवा आत शिरण्याऐवजी दाबाने बाहेर पडते, पिकअप जातो आणि काळा धूर येतो.

मिस्त्री: ठीक. म्हणजे फट बंद झाली पाहिजे. मी बोल्ट आवळतो, सूं असा आवाज थांबतो, आयडलिंग बसतं. गिऱ्हाईक समोर उभं राहून बघतं. यापेक्षा मोठा पुरावा कोणता?

निदेशक: तो फट बंद झाल्याचा पुरावा आहे, बिघाड गेल्याचा नाही. बोल्ट म्हणजे एक अतिशय कडक स्प्रिंग असते. आवळताना तो ताणला जातो आणि मूळ लांबीला परत येण्याच्या त्या ओढीतून जोड दाबून ठेवतो. ८ मिलिमीटरचा बोल्ट २० न्यूटन-मीटरला आवळला, तर साधारण साडेबारा हजार न्यूटन, म्हणजे सव्वा टनाची पकड मिळते. पण त्यासाठी ४० मिलिमीटर लांबीचा बोल्ट ताणला जातो तो फक्त ०.०६ मिलिमीटरच्या आसपास. सगळी पकड एवढ्याशा ताणावर उभी असते. फ्लँजखाली जुन्या पॅकिंगचा तुकडा राहिला, रंगाचा थर राहिला, बुशी खचली आणि जोड ०.०३ मिलिमीटर बसला, की पकडीचा तिसरा हिस्सा ते निम्मा भाग गेला, तोही बोल्ट एक अंशही न फिरता. पकड कमी झाली की दोन पृष्ठभाग एकमेकांवर आडवे सरकू लागतात. जर्मन अभियंता गेरहार्ड युंकर यांनी १९६९ मध्ये प्रयोगाने दाखवलं की बोल्ट उलटा फिरून सुटतो तो मुख्यतः अशा आडव्या हालचालीमुळे. चार सिलेंडरच्या इंजिनाचं दुय्यम कंपन क्रँकच्या एका फेऱ्यात दोनदा होतं. तीन हजार आरपीएमला ते सेकंदाला १०० वेळा, म्हणजे तासाभराच्या प्रवासात ३ लाख ६० हजार वेळा. जोड पुरेसा दाबलेला असेल तर हे कंपन बोल्टाला काही करत नाही. दाब कमी पडला की हेच कंपन त्याला उलगडतं. म्हणजे बोल्ट आधी पकड गमावतो आणि मग सैल होतो. तुम्ही आवळता तेव्हा दुसरी गोष्ट दुरुस्त होते, पहिलीचं कारण तसंच राहतं.

मिस्त्री: मग पकड टिकवायला स्प्रिंग वॉशर टाका, नाहीतर लॉकटाइट लावा. त्यासाठीच तर ते आहेत.

निदेशक: स्प्रिंग वॉशरवरचा विश्वास फार जुना आहे, पण पुरावा त्याच्या बाजूने नाही. बोल्ट पुरेसा आवळला की तो वॉशर सपाट होतो आणि साध्या वॉशरसारखाच वागतो. अमेरिकेच्या नासाने १९९० मध्ये काढलेल्या फास्टनरांच्या पुस्तिकेतही त्याची जखडून ठेवण्याची क्षमता शून्य मानली आहे. लॉकटाइटसारखं आट्यांत भरायचं द्रव काम करतं, पण ते आट्यांना वंगणही देतं आणि प्लॅस्टिकच्या काही प्रकारांना त्याने तडे जातात. कंपनीच्या मॅन्युअलमध्ये सांगितलं असेल तिथे जरूर लावा. पण वाकडा फ्लँज, खचलेली बुशी किंवा गेलेले आटे यांच्यावर ते औषध नाही. बोल्ट फिरणार नाही इतकंच ते बघतं. जोड बसत गेला तर न फिरलेला बोल्टही पकड सोडतो.

मिस्त्री: आता तुमच्या टॉर्क रेंचकडे येतो. तबला सुरात लावताना वाजवणारा कुठला मीटर लावतो? समोरासमोरचे गठ्ठे ठोकत जातो, कान सांगतो तिथे थांबतो. मॅनिफोल्डचे बोल्टही आम्ही तसेच मधून बाहेर, आलटून-पालटून आवळतो. हाताला कळतं. उलट तुमचं रेंच कुठे खरं बोलतं? ते फिरवायला किती जोर लागला ते सांगतं. जोड किती दाबला गेला, ते सांगतच नाही. तुम्हीच पोरांना शिकवता हे. शिवाय आडव्या बसवलेल्या कितीतरी इंजिनांत मॅनिफोल्डचे खालचे नट केबिनच्या पत्र्याच्या बाजूला असतात. तिथे हातच कसाबसा जातो, रेंच कसं जाणार?

निदेशक: तुमचा सर्वांत मजबूत मुद्दा हाच आहे, म्हणून तो टाळत नाही. आवळताना लावलेल्या जोरापैकी साधारण निम्मा बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात जातो, चाळीस टक्के आट्यांच्या घर्षणात जातो आणि जेमतेम दहा टक्के बोल्ट ताणण्यात खर्च होतो. त्यामुळे उत्तम रेंचने, एकाच आकड्याला आवळलेल्या बोल्टांच्या पकडीतही २५ ते ३० टक्क्यांची तफावत पडू शकते. आट्यांना तेल लागलं तर त्याच २० न्यूटन-मीटरला सव्वा टनाऐवजी पावणेदोन टनांची पकड बसते आणि अॅल्युमिनियमचे आटे उपटतात. हे सगळं खरं. पण यातून निघणारा निष्कर्ष हाताच्या बाजूचा नाही. रेंच दहातले नऊ भाग घर्षणाचे मोजतं म्हणून ते अपुरं, तर हात तरी काय जाणतो? हातालाही तेच घर्षण जाणवतं, आणि त्यात थकवा, पान्याची लांबी, उभं राहण्याची अडचण यांची भर पडते. १५ सेंटिमीटरच्या पान्यावर १४ किलोचा ओढा दिला की जवळपास २० न्यूटन-मीटर होतात. २५ किलोचा दिला की ३७. अवघडलेल्या कोनातून तेवढा फरक मनगटाला कळत नाही. तबल्याचं म्हणाल, तर वाजवणारा नुसत्या कानावर सूर लावत नाही. तंबोऱ्याचा किंवा पेटीचा सूर समोर ठेवून त्याच्याशी मिळवतो. कान तुमचाच, पण जुळवायला बाहेरचा आधार लागतो. टॉर्क रेंच हा तो आधार. दाब किती ते तो सांगत नाही, पण सगळ्या बोल्टांना सारखं वागवतो, आणि मॅनिफोल्डच्या बाबतीत एकसारखेपणाचं महत्त्व नेमक्या आकड्याहून कमी नाही. एक बोल्ट जास्त आणि शेजारचा कमी आवळला की फ्लँज वाकतो आणि फट कमी आवळलेल्याच्या बाजूला उघडते.

मिस्त्री: आणि हात न पोचणारे नट?

निदेशक: तिथे लांब एक्स्टेंशन आणि युनिव्हर्सल जॉइंट वापरावा लागतो. जॉइंट फार वाकवला तर आकडा बिघडतो, म्हणून शक्य तितका सरळ धरायचा. जिथे तेही अशक्य, तिथे तुमच्या हाताशिवाय पर्याय नाही आणि मी तो नाकारत नाही. फक्त आखूड पाना घ्या, शेजारचे मोजता येणारे नट आधी रेंचने आवळून हाताला त्या जोराची सवय लावा आणि मग तो एक नट आवळा. रेंचचीही काळजी घ्यावी लागते. क्लिक होणाऱ्या रेंचला आयएसओ ६७८९ या मानकानुसार १० न्यूटन-मीटरच्या वर चार टक्क्यांच्या आत चूक चालते आणि वेगळी सूचना नसेल तर दर १२ महिन्यांनी किंवा ५,००० वेळा वापरल्यावर ते तपासून घ्यायचं असतं. स्प्रिंग सैल न करता डब्यात टाकलेलं, हातोड्यासारखं वापरलेलं रेंच हाताहूनही वाईट. मोजमाप म्हणजे यंत्रावर आंधळा विश्वास नव्हे.

मिस्त्री: शेवटचं बोलतो. गिऱ्हाईक अर्ध्या तासात गाडी मागतं. ‘दोन बोल्ट आवळायचे एवढे पैसे?’ असं विचारतं. मॅनिफोल्ड उतरवून, घासून, पट्टी लावून, नवं पॅकिंग घालून द्यायचं म्हटलं तर दिवस जातो. ज्या कामाचे पैसे कुणी देत नाही, ते काम शिकवणं सोपं आहे सर, करणं अवघड आहे.

निदेशक: म्हणूनच प्रत्येक वेळी मॅनिफोल्ड उतरवा असं मी म्हणत नाही. आधी तुमचा कान वापरा. हवा कुठे शिरतेय ते रबरी नळी कानाला लावून शोधा, गॅरेजमध्ये असेल तर धुराचं मशीन लावा. तापलेल्या इंजिनावर पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर फवारू नका. एक्झॉस्टवर पडलं तर आग लागते. ब्रेक बूस्टरची नळी, क्रँककेसची नळी, थ्रॉटल बॉडीचं पॅकिंग, इंजेक्टरचे ओ-रिंग हेही तपासा, कारण बोल्ट सैल सापडला म्हणजे हवा तिथूनच येतेय असं नाही. मग थंड इंजिनावर प्रत्येक बोल्ट थोडा सोडून, मधून बाहेरच्या क्रमाने, दोन टप्प्यांत ठरलेल्या टॉर्कला आवळा आणि डोक्यापासून फ्लँजवर रंगाची एक रेघ ओढा. याला फार वेळ लागत नाही. काही आठवड्यांनी रेघ तुटलेली दिसली तर बोल्ट फिरला. रेघ जागेवर आणि हवा पुन्हा शिरतेय, तर जोड बसला किंवा फ्लँज वाकला. उतरवायचं ते तेव्हा, आणि का उतरवायचं ते गिऱ्हाईकाला दाखवून. एखादा बोल्ट आवळता येत नसेल, पाना फिरतच राहत असेल, तर आटे गेलेत. तिथे लांब बोल्ट ठोकणं किंवा आट्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळणं हा उपाय नव्हे, भोकात नवे आटे देणारं हेलिकॉइल घालणं हा आहे.

दोघांचं म्हणणं इथपर्यंत आल्यावर कोण कुठे बरोबर आहे, हे सांगणं माझं काम. बिघाड ओळखण्यात मिस्त्रींचा अनुभव श्रेष्ठ आहे. थरथर कुठली, आवाज कुठून, महाबळेश्वरचा आकडा मुंबईच्या मापाने का वाचायचा नाही, हे कोणतंही रेंच शिकवणार नाही. आवळण्यात मात्र अनुभवाला मर्यादा आहे, आणि ती कौशल्याच्या अभावातून येत नाही. ती घर्षणाच्या स्वभावातून येते. दहातले नऊ भाग जिथे घर्षण खातं, तिथे उरलेल्या एका भागाची जाणीव माणसाच्या मनगटाला होऊच शकत नाही, मग ते मनगट किती का तयार असेना. म्हणून मापाचा आग्रह हा मिस्त्रींच्या हातावर अविश्वास आहे, ही तक्रार मला पटत नाही. डॉक्टरने नाडी पाहून नंतर रक्तदाब मोजला, तर नाडीचा अपमान होत नाही.

मिस्त्रींचा पैशांचा आक्षेप मात्र केवळ गॅरेजवाल्याने सोडवायचा नाही. १ एप्रिल २०२० पासून देशभर विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्या बीएस-६ मानकाच्या आहेत. त्यांचं इंजिन मिश्रणाच्या बारीक नियंत्रणावर चालतं आणि वारंवार मिसफायर होत राहिला तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसारखा महागडा भाग निकामी होतो. बोल्ट तीनदा आवळून घेण्याचा खर्च आणि त्या काळात उडालेलं पेट्रोल यांची बेरीज कारण एकदा शोधण्याच्या खर्चापेक्षा सहसा जास्तच भरते. गाडीमालकाला हे कळत नाही, कारण बिलावर ‘मॅनिफोल्ड टाइट केला’ एवढंच लिहिलेलं असतं. ती ओळ त्याला काही शिकवत नाही आणि पुढच्या मिस्त्रीलाही काही सांगत नाही.

म्हणून माझी सूचना दोघांनाही आहे. गॅरेजवाल्यांनी जॉब कार्डवर चार गोष्टी लिहाव्यात: कोणता बोल्ट सैल होता, तो का सैल झाला असं वाटतं, कोणत्या क्रमाने आणि किती न्यूटन-मीटरला आवळला, आणि आवळण्याआधी व आवळल्यानंतर आयडलिंगचा फ्यूल ट्रिम किती होता. गाडीमालकांनी या चार ओळी मागून घ्याव्यात आणि त्या लिहिण्यासाठी लागलेल्या वेळेचे पैसे खळखळ न करता द्यावेत. ‘का सैल झाला’ ही जागा ज्याला रिकामी ठेवावी लागेल, त्याला तिथेच कळेल की काम अजून संपलेलं नाही. आणि ज्या दिवशी ती जागा भरण्याला पैसे मिळू लागतील, त्या दिवशी कारण शोधणं परवडत नाही ही मिस्त्रींची अडचण उरणार नाही. निदेशकांनाही तेव्हा वर्गात जे शिकवतात ते गॅरेजमध्ये चालतं, हे विद्यार्थ्यांना खात्रीने सांगता येईल.